सोड!

आमची ताई म्हणजे अर्क. आठवीत असताना मोडकी स्टिक चिकटपट्टीनं गुंडाळून शाळेच्या हॉकी संघात घुसली आणि दोन वर्षांनी मलाही कान धरून घेऊन गेली. मी बचावाला, ती माझ्याही मागं. बॉल तिला हवा असला की ओरडायची, "सोड!" मी वळूनही न बघता बाजूला व्हायचे. बघत बसलं तर घरी जेवताना टोमणे खावे लागायचे.

अकरा वर्षं हे चाललं. देशाच्या संघातही दोघी एकदमच गेलो. मग तिचा गुडघा गेला आणि निवड समितीनं तिला वगळलं, साधं पत्रसुद्धा नाही. ताईनं कुणापुढं नाक घासलं नाही. परदेशातल्या एका क्लबनं बोलावलं, गेली. सकाळी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री, संध्याकाळी सराव. सात वर्षांत तिथली नागरिक झाली, त्यांच्या देशाच्या संघात आली. तिथं तिला पुढं खेळवायचे. शेजारणींनी विचारलं की आई आवाज खाली करून "तिकडंच खेळते" एवढंच म्हणायची.

आणि नेमकी आमचीच गाठ पडली. जिंकेल तो संघ जागतिक स्पर्धेला जाणार होता. मी तेहतीस वर्षांची, मला पुन्हा संधी मिळणार नव्हती.

शेवटची चार मिनिटं, बरोबरी. बॉल सरळ माझ्याकडे येत होता, अगदी सोपा. मागून आवाज आला, "सोड!"

मी सोडला. ताईनं तो घेतला आणि गोल मारला.

"झोपली होतीस का?" आमच्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं. काय सांगणार, कपाळ?

घरी आईचं भलतंच. "टीव्हीत ऐकलं मी! अजून आपलंच बोलते गं पोर!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तीन आठवडे मी ताईचा फोन घेतला नाही. मग एकदा घेतला.

"मुद्दाम केलंस," मी म्हटलं.

"आईशप्पथ नाही. इथं सात वर्षं यांच्याच भाषेत ओरडते मी. तुझी पाठ दिसली आणि तोंडातून गेलं. कुठल्या बाजूची आहे तेच विसरले."

"गोल कुठं मारायचा ते बरं आठवलं!"



"बॉल स्टिकला लागला तेव्हा आठवलं," ती म्हणाली. "तोवर तू बाजूला झाली होतीस."

मला तिचा राग आला होता, अजूनही आहे. पण ती रडत होती, आणि मी फोन ठेवला नाही.