आत्याची ताऱ्यांची यादी

माझी आत्या वेधशाळेत तीस वर्षं ठिपके तपासत होती. शेजारच्या सर्पिल दीर्घिकेची अवरक्त चित्रं तिच्या पडद्यावर यायची. त्या प्रकाशात तारेही चमकतात आणि तापलेली धूळही. कुठला ठिपका तारा आणि कुठली नुसती धूळ, हे आत्या डोळ्यांत तेल घालून ठरवायची. बाबा चिडवायचे, "हिला आकाशातली धूळ दिसते, कपाटावरची दिसत नाही."

धूळ म्हणून बाजूला काढलेले तीनशे बारा ठिपके तिला खटकत होते. तिने काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली चित्रं शेजारी-शेजारी लावली. ठिपके कधी उजळत होते, कधी मंदावत होते. धुळीचा ढग असं करत नाही. ते म्हातारे तारे होते, स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीत गुरफटलेले. तिने यादी करून साहेबांना दिली.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही ठिपके मोजा. अर्थ लावायला आम्ही आहोत."

आत्या मूग गिळून बसली. मला तिचा हा स्वभाव कधीच पटला नाही. पुढे यादी पुन्हा तपासताना तिला दिसलं, की चित्रांच्या कडा एकमेकींवर आल्यामुळे नऊ तारे दोनदा मोजले गेलेत. तिने आपल्या वहीत दुरुस्ती करून ठेवली.

ती निवृत्त झाली. मग दुसऱ्या दुर्बिणींना असेच तारे सापडले आणि साहेबांना ती जुनी यादी आठवली. छापून आली, साहेबांच्या नावाने. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भांड ना त्यांच्याशी!" मी म्हणाले.

आत्या चष्मा पुसून यादी वाचत होती. "अगं, यात नऊ तारे दुबार आहेत."

"असू देत की. होऊ दे त्यांची फजिती!"

"फजिती होईल गं, पण यादी चुकीचीच राहील. लोक तीच वापरतील."

तिने साहेबांना पत्र लिहून नऊ क्रमांक कळवले. शेवटी एका ओळीत विचारलं, माझं नाव कुठे घालता येईल का? ती ओळ लिहायला तिला अख्खी दुपार लागली. उत्तर आलं नाही.

चार महिन्यांनी शुद्धिपत्र छापून आलं. आत्याने बोट ठेवून नऊही क्रमांक पडताळले. सगळे बरोबर होते. खाली लिहिलं होतं, की ही चूक यादी करणाऱ्या माजी साहाय्यक बाईंकडून झाली. आणि पुढे तिचं पूर्ण नाव होतं, तीस वर्षांत पहिल्यांदा छापलेलं.