उस्तादांचं नाव

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि सुटीच्या दिवशी एका मौलवीसाहेबांबरोबर निजामशाही कबरींवरचे फारसी लेख वाचायचो. कुठलाही अर्थ सांगण्याआधी ते आपल्या उस्तादांचं नाव घ्यायचे, मग उस्तादांच्या उस्तादांचं. दगड तापलेले असायचे, मला शोधनिबंध छापायची घाई. मी सारखा घड्याळ बघायचो.

एकदा एका ओळीचा अर्थ मी वेगळा लावला. त्यांना तो पटला. पुढच्या वेळी मला आपल्या मदरशात बसवून त्यांनी मुलांना तीच ओळ समजावली आणि आधी माझं नाव घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"आपण कुणाकडून शिकलात?"

"पुस्तकातून."

"माणूस सांगा," म्हणाले आणि वाट पाहत राहिले. मला घड्याळ बघायचंही सुचेना.