सुरूचे बारा वासे

ओल्या सुरूचा वास आला की २३ डिसेंबर २०१७ आठवतो. वेवजी गावातल्या माझ्या शेतात आम्ही दोघेच होतो, मी आणि तोडणारा. नाताळसाठी सुरूची बारा झाडं मी तीन वर्षं छाटून दाट, निमुळती वाढवली होती. “बारा तोड,” एवढंच सांगून मी उधव्याच्या बाजारात दोर आणायला गेलो. आमच्याकडे सुरू वाशांसाठीच तोडतात, हे विसरलो. परत येतो तर फांद्या उडवून बारा वासे ओळीत मांडलेले! “गुरुजी, हात फिरवून बघा, एक काडी नाय ठेवली.” “अरे, फांद्याच हव्या होत्या! सजवायची झाडं ती!” “मग तोडायची कशाला? उभीच सजवायची.” झाडं न्यायला आलेला टेम्पो रिकामा गेला. गिऱ्हाईकाला आगाऊ घेतलेले बाराशे परत केले, तोडणाऱ्याला मजुरीचे तीनशे दिले, आणि फांद्या साफ केल्याचे पन्नास त्याने वेगळे मागून घेतले.