सत्यभामेनं टेप केलेली मॅच

सत्यभामा नगराळेचे हात आणि तोंड जणू एकाच दोरीला बांधलेले होते. हात चालू झाले की तोंड चालू. मारेगाव तालुक्यातल्या तिच्या गावात कापूस वेचायला तिच्या तोडीची बाई नव्हती. दोन्ही हातांनी दोन ओळी एकदम ओढायची, आणि सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बोलायची. कोणाशी म्हणाल, तर कोणाशीच नाही. बोंडाशी, बोटात घुसलेल्या काडीशी, घरी आली की सुपाशी आणि चुलीशी. बायका म्हणायच्या, रेडिओ लागला. तिला स्वतःला मात्र यातलं काही ऐकू यायचं नाही. कोणी सांगितलं तर म्हणायची, मी कुठं बोलली?

एका चौदा एप्रिलला तिच्या नवऱ्यानं, श्रावणनं, विहारातला गाण्याचा कार्यक्रम आपल्या टू-इन-वनवर टेप केला होता. घरी आणून लावला, तर गायकानं चांगला सूर लावलाय आणि त्याच्यावरून बायकोचा आवाज, अगदी स्वच्छ: "या भाजीत मीठ कोनं टाकलं वो? मी बी टाकलं." श्रावण तसा कमी बोलणारा माणूस, हसणारा त्याहून कमी. पण पाहुणे आले की ती कॅसेट लावायचा, मिठापाशी आला की आवाज वाढवायचा आणि खाली मान घालून हसत बसायचा.

श्रावणची बैलजोडी होती आणि बंडी होती. बंडी म्हणजे आपली बैलगाडी. लोकांचा कापूस भरून मारेगावच्या पलीकडे खरेदीच्या ठिकाणी न्यायचा, हा त्याचा धंदा. ती वर्षं कापसाची वाईट होती. भाव पडलेला, मोजमाप रखडलेलं, आणि रस्त्याच्या कडेनं बंड्यांची ही लांब ओळ. त्या जानेवारीत श्रावणला ओळीत पाच दिवस झाले होते. बंडीखालीच झोपायचं, तीन दगडांवर भाकर भाजायची. ओळ सोडली की नंबर गेला, आणि बंडीतला कापूस तर लोकांचा, टाकून जाता यायचं नाही.

आणि नेमकं याच दिवसांत सत्यभामेनं त्याच्याशी खोटं बोलून ठेवलं होतं.

त्यांची एकुलती एक पोरगी रुपाली, दहावीला, कबड्डी खेळायची. मागच्या वर्षी कळंबला मॅच होती. श्रावण मुद्दाम पाहायला गेला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तिचा डावा गुडघा पिरगळला. मैदानातून एसटीपर्यंत त्यानं पोरीला पाठीवर आणलं. दीड महिना प्लास्टर. प्लास्टर निघालं त्या दिवशी तो एवढंच बोलला, "आता खेळ बंद." एकदाच बोलला. त्याचं एकदा म्हणजे शेवटचं.

पण शाळेतले अतुल सर सत्यभामेकडे येऊन बसले. म्हणाले, पोरीच्या पायात काहीतरी आहे, दहा वर्षांत एखादी अशी येते. खेळाडू मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, तिथं राहणं, शिकणं, खेळणं सगळं होईल. त्यांनी फॉर्मच आणून दिला. दिवाळीपासून श्रावण बंडी घेऊन बाहेर पडला की रुपाली मैदानावर. जानेवारीत ती यवतमाळ जिल्ह्याच्या संघात निवडली गेली आणि राज्याच्या स्पर्धेला गेली. सत्यभामेनं ओळीत निरोप पाठवला, रुपाली मामाकडे वणीला गेली.

फॉर्म पेटीत लुगड्याखाली होता. सगळा भरलेला. फक्त वडिलांच्या सहीची जागा कोरी. मंगळवारी शेवटची तारीख. शेजारच्या विमलताईनं सुचवलंही, की तूच ओढून दे एक रेघ, कोण पाहते? सत्यभामा म्हणाली, एक खोटं बोलली तेवढं पुरं झालं.

शुक्रवारी दुपारी विमलताईकडच्या फोनवर सरांचा निरोप आला. यवतमाळच्या मुली फायनलला गेल्या. रविवारी तीन वाजता टीव्हीवर दाखवणार आहेत.

सत्यभामेच्या डोक्यात तिथंच पक्कं झालं. पोरगी धावताना यांनी एकदा पाहिली की सही होते. पण हे तर ओळीत अडकलेले. म्हणजे मॅचच तिथपर्यंत न्यायला पाहिजे, आणि न्यायची तर आधी टीव्हीतून काढून घेता आली पाहिजे.

शनिवारी सकाळीच ती तांड्यावर लालसिंगकडे गेली. लालसिंग लग्नांची शूटिंग करायचा. त्याच्याकडे व्हीसीआर होता, त्यावर गुलाबी कपडा टाकलेला. त्यानं तिला खाट टाकून बसवलं, चहा पाजला. म्हणाला, भरून देतो काकू, त्यात काय. रविवारी दुपारी लाइन जाते, तर लग्नाचं जनरेटर लावतो. मग स्वतःच डोकं खाजवायला लागला.

"पण काकांले दाखवसान कुठं? टीव्ही लागन, व्हीसीआर लागन, लाइन लागन. कापसाच्या बंडीत प्लग आहे का?"

तिथून आली ती विमलताईच्या फोनवरून यवतमाळला बहिणीच्या पोराशी, धम्मदीपशी, बोलली. तो संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायचा. त्याच्या यंत्रात टीव्हीचं कार्ड बसवलेलं होतं. मावशी, मी घेतो आणि सीडी करून देतो, चित्र एकदम काचेसारखं, सोमवारच्या पहिल्या एसटीनं पाठवतो. सत्यभामेनं विचारलं, सीडी कशात लावायची? प्लेअरमध्ये. आणि तो कशावर चालतो? लाइनवर. तिनं त्याला आशीर्वाद दिले आणि फोन ठेवला.

शेवटी घरी येऊन तिनं फळीवरच्या टू-इन-वनकडे पाहिलं. सेलवर चालायचं, पिशवीत मावायचं. लाल बटण आणि काळं बटण सोबत दाबलं की टेप व्हायचं. विमलताईकडे चौदा इंची काळा-पांढरा टीव्ही होता. लाइन गेली की तिचे यजमान बापूजी ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडायचे. म्हणजे टीव्ही बॅटरीवर, टेप सेलवर. लाइन गेली तर गेली.

विमलताईला हसू आवरेना. "वो माय, कबड्डी का कानानं पाह्यतेत?"

"किरकेट नाही का आयकत रेडिओवर? सारा गाव आयकते."

"गुडघा दिसनार हाय का त्यात?"

हे सत्यभामेला लागलं. गुडघा दाखवायचा म्हणून तर सारा खटाटोप. पण दुसरा मार्ग नव्हता. तिनं नवी कॅसेट आणली, एका बाजूला अर्धा तास मावेल अशी.

रविवारी तिनं विमलताईच्या घराचा ताबाच घेतला. कोंबड्या हाकलल्या. दार लोटून घेतलं. बापूजींना सांगितलं, खोकला आला तर बाहेर जा. टीव्हीसमोर पाट, पाटावर टू-इन-वन. आणि सगळ्यांना ताकीद दिली, कोणी ब्र काढायचा नाही. ते मिठाचं तिला पक्कं आठवत होतं, म्हणून स्वतःच्या तोंडाशी तिनं पदराचा बोळा धरला.

मॅच सुरू झाली. समोर पुण्याच्या मुली, एकेक दणकट. रुपाली टीव्हीत वीतभर दिसत होती, गुडघ्याला पांढरी पट्टी बांधलेली. पाच मिनिटं सत्यभामा दगडासारखी बसली. पण रिकाम्या हातांनी बसायची तिला सवयच नव्हती. जवळच विमलताईचं तुरीचं सूप पडलं होतं. ते तिनं कधी मांडीवर घेतलं आणि खडे कधी वेचू लागली, तिला कळलं नाही. बोळा केव्हाच सुटला होता.

यवतमाळ एका गुणानं हरलं. पण एका चढाईत रुपालीनं पुण्याच्या दोघींना बाद केलं, तेव्हा बापूजी खोकला विसरून उभे राहिले होते.

सोमवारी निघण्याआधी तिनं तपासायला म्हणून कॅसेट लावली. टीव्हीतला माणूस हातातला कागद वाचल्यासारखा म्हणाला, "आता चढाईला यवतमाळची रुपाली श्रावण नगराळे." आणि लगेच, त्याच्याहून मोठा, अगदी कानाजवळ, तिचा स्वतःचा आवाज आला:

"पाय जपून टाक वो बाई. डावा नोको टाकू पुढं. जाच्या दिवसापर्यंत तेल चोयत होतो मी, सूज कुठं उतरली? तुह्या बापाले मामाच्या घरी म्हनून सांगतलं. आता पडली तं कोनतं तोंड दाखवू मी त्याइले?"

आणि त्यातूनच मागून गर्दीचा गलका, दोन गुण, रुपाली नगराळे.

सत्यभामेनं कॅसेट मागे घेतली. बोट लाल बटणावर गेलं. काळ्यासोबत दाबलं असतं तर तिचं बोलणं पुसलं गेलं असतं. पण त्याखालची चढाईही गेली असती, आणि ते नावही. साऱ्या कॅसेटीत पोरीसोबत बापाचं नाव त्या माणसानं तिथं एकदाच घेतलं होतं. तिनं बोट काढलं. ठरवलं, तिथं आलं की पुढं पळवायचं. पंच शिटी वाजवतो, मग "आता चढाईला" येतं, नाव होऊ द्यायचं आणि बटण दाबायचं. तिनं चारदा सराव केला. चौथ्यांदा टीव्हीतल्या माणसाचा आवाज जरा जाड यायला लागला, तेव्हा तिला सेलची आठवण झाली आणि तिनं यंत्र बंद केलं.

दुपारी ती ओळीत पोचली. श्रावण बैलांना कडबा टाकत होता. दाढी वाढलेली, डोळ्यांत कापसाची धूळ. तिला पाहून आधी घाबरला, काय झालं म्हणून. तिनं भाकरीचं फडकं सोडलं आणि त्याचं जेवण होऊ दिलं. मग सांगितलं की रुपाली मामाकडे नव्हती, खेळायला गेली होती, काल टीव्हीवर दाखवली, मी टेप करून आणली. एवढं खोटं तिनं स्वतःच सोडवलं. गुडघ्याचं मात्र तोंडातच राहिलं.

श्रावणनं भाकरीचं फडकं झटकून त्याची घडी केली. मग हात पुसून म्हणाला, "लाव."

बंडीच्या लाकडी साटीवर यंत्र ठेवून दोघं ऐकत बसली. पुढच्या बंडीवरचा फुलसिंग, तो फुलसावंगीकडचा, तोही मान वळवून ऐकू लागला. शिटी वाजली. "आता चढाईला यवतमाळची रुपाली श्रावण नगराळे." श्रावणनं मान वर केली, आणि सत्यभामेनं पुढचं बटण दाबलं.

"काहून पुढं केलं?"

"तिथं काही नाही. खरखर हाय नुसती."

श्रावणनं तिच्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याला वाटलं, झालं असेल मीठ-भाजीसारखं काहीतरी. त्यानं कॅसेट मागे घेतली. त्याचं बोट तिच्यापेक्षा सरावाचं, नेमक्या जागी थांबलं. फुलसिंगला हाक मारून म्हणाला, "आयक गा फुलसिंग, आमच्या घरचा रेडिओ आयक." आणि आवाज वाढवला.

सगळं ऐकू आलं. तेल, सूज, मामाचं घर, कोणतं तोंड.

फुलसिंग उठला आणि बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं दूर गेला. श्रावणचं हसू मात्र तिथंच राहून गेलं, काढून घ्यायला त्याला सुचलं नसावं तसं. त्यानं कॅसेट पुन्हा मागे घेतली. दुसऱ्यांदा ऐकली. तिसऱ्यांदा फक्त नावापर्यंत ऐकून बंद केली.

"सूज किती हाय?"

तिनं अंगठ्याचं पेर दाखवलं.

"अन् मले नाही सांगतलं."

"सांगतलं असतं तं तुम्ही जाऊ देल्लं नसतं."

"नसतं देल्लं," तो म्हणाला. मग तिच्या पिशवीकडे पाहून, "तू मॅच आयकवाले येवढी चालत नाही आली. काय आनलं?"

तिनं फॉर्म काढला. श्रावण चौथी शिकलेला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं. पूर्वी झालेली दुखापत, आणि पुढे रुपालीच्या अक्षरात, नाही.

"हे?"

"मी सांगतलं लिव्हाले."

त्यानं फुलसिंगला हाक मारून त्याच्याकडून पेन मागून घेतला. कागद मांडीवर ठेवून ते 'नाही' दोनदा खोडलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हाव. डावा गुडघा. अजून सूज आहे. मग खाली कोऱ्या जागेत सही केली.

सत्यभामा कागदावर वाकली. "हे वाचून घेनार नाहीत तिले."

"नाही घेतलं तं नाही घेतलं. टीव्हीवर त्यानं माहं नाव घेतलं पोरीसंगं. इथं बी माहंच नाव हाय. त्याच्यावर खोटं कसं ठेवू?"

ती निघाली तेव्हा त्यानं यंत्र ठेवून घेतलं. ती म्हणाली, सेल संपत आले. तो म्हणाला, संपू दे.

संध्याकाळच्या आत ती अतुल सरांच्या घरी पोचली. सरांनी फॉर्म पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, वहिनी, हे कशाला लिहिलं? पट्टी बांधून किती मुली खेळतात. माझ्याकडे पांढरी शाई आहे, दोन मिनिटांत जातं हे. त्यांनी बाटली काढलीसुद्धा. सत्यभामेला वाटलं, आणखी एकदा लाल बटण समोर आलं. सूज तिनं पाहिली होती. मॅचही पाहिली होती.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "त्याइनं लिव्हलेलं हाय."

रुपाली परत आली आणि तिला सगळं कळलं, तेव्हा ती आईशी आठ दिवस बोलली नाही. त्या काळात आणखी एक झालं. सत्यभामा वेचायला जायची, दोन्ही हातांनी दोन ओळी ओढायची, पण तोंड मिटलेलं. बायकांना चुकल्यासारखं व्हायचं. तिला कोणी सांगायची गरज उरली नव्हती. आता तिला स्वतःचा आवाज ऐकू यायला लागला होता.

एप्रिलमध्ये वसतिगृहाचं पत्र आलं. घेतो असं नव्हतं त्यात, आणि नाहीही नव्हतं. मुलीला घेऊन पालकांनी यावं, गुडघा तपासून मग ठरवू, एवढंच. तिघं पहाटेच्या एसटीनं निघाली. रुपाली खिडकीशी, पाय दुमडून बसलेली. सत्यभामा मधे, हात मांडीवर, गप्प. श्रावणनं दोन-तीनदा तिच्याकडे पाहिलं. मग धोतराच्या सोग्यात बांधून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि मूठभर तिच्या ओंजळीत टाकल्या.

"घे, फोड."

तिनं पहिल्या दोन-चार शेंगा मुकाट्यानं फोडल्या. मग बोटं वेग घेऊ लागली. टरफलं मांडीवर साचली, आणि गाडीच्या घरघरीत, कोणाकडेही न पाहता, ती हळूच म्हणाली, "डावा पाय लांब ठेव वो बाई. आकडन तो."

रुपालीनं पाय लांब केला.