पहिल्या रांगेतलं हसू

काकू हसण्याचं काम करायच्या. टीव्हीच्या स्टुडिओत पहिल्या रांगेच्या मधल्या खुर्चीत बसायचं आणि फ्लोअर मॅनेजरने डोक्यावरची लाल टोपी काढली की मोठ्याने हसायचं. मागे बसलेला शे-दीडशेचा जमाव रोजाने आणलेला असे. कुठे हसायचं ते त्यांना कळत नसे, आणि कळावं असे विनोदही नसत. काकूंचं खणखणीत हसू एकदा फुटलं की त्यांच्या मागोमाग सगळे फुटत, आणि सोफ्यावर बसलेल्या थोरामोठ्यांना वाटे की हे आपलंच कर्तृत्व.

घरचं हसणं वेगळं होतं. खरं हसू आलं की काकूंचा आवाजच बंद होई. डोळे मिटून, तोंडावर हात धरून त्या नुसत्या गदगदा हलत. काका म्हणायचे, "तुझं खरं हसू फुकटचं आहे, म्हणून मुकं आहे."

काकांना हसण्यातलं कळायचं. तरुणपणी ते आणि त्यांचा एक मित्र मिळून रंगमंचावर 'पुढची खिडकी' नावाचा प्रवेश करत. मित्र अर्ज घेऊन आलेला गरजू, काका खिडकीमागचे कारकून. मित्र घसा फोडून रडायचा, पाया पडायचा, जमिनीवर लोळायचा. काका फक्त मान वळवायचे आणि म्हणायचे, "पुढच्या खिडकीवर जा." पुढे खिडकी नसायचीच. त्या मान वळवण्यावर लोक खुर्च्यांवरून खाली घसरत. पुढे टीव्हीवाले आले, त्यांना एकच माणूस हवा होता, आणि बडबड्या माणूस नेहमीच आधी उचलला जातो. मित्र टीव्हीत गेला. काका पाणीपुरवठा कचेरीत चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत खऱ्या खिडकीमागे बसून लोकांना खरोखरच पुढच्या खिडकीवर पाठवत राहिले.

मित्राचा आता विनोदसम्राट झाला होता. ही पदवी त्याला कोणी दिली ते शोधून सापडणार नाही. बहुधा त्याने ती स्वतःच घेतली आणि कोणी परत मागितली नाही. उमेदीच्या दिवसांत हाच सम्राट काकूंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून 'वहिनी, अजून एक वाढा' म्हणायचा. गरज सरो, वैद्य मरो. नंतर त्याने कधी उंबरठा ओलांडला नाही.

तर त्या स्टुडिओत एक नवा गप्पांचा कार्यक्रम निघाला. चार विनोदवीरांना सोफ्यावर बसवायचं आणि प्रत्येकाला आपल्या सगळ्यांत आवडत्या विनोदाबद्दल बोलायला लावायचं. पाहुण्यांत सम्राट आहेत आणि ते 'पुढची खिडकी'बद्दल बोलणार आहेत, हे काकूंनी घरी येऊन सांगितलं. काकांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगायला सुरुवात केली, की बघा, टीव्हीवर आपलं नाव येणार आहे. लेकीला फोन झाला. शर्टाला इस्त्री झाली. टीव्ही बघायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं काकूंनी विचारलं नाही. नाव घेईल ना तो, एवढंच त्यांच्या मनात घोळत राहिलं.

चित्रीकरणाच्या दिवशी सोफ्यावरची चौकडी हसवायला बसली आहे की सुतकाला, ते कळेना. विनोद म्हणजे वेदना असते, असं एकाने सांगितलं आणि डोळे पुसले. दुसऱ्याने कुठल्याशा परदेशी मूकपटाचं नाव घेतलं; तो त्याने पाहिला नसावा, कारण त्यातले संवाद फार आवडल्याचं तो सांगत होता. तिसऱ्याला स्वतःचाच विनोद सर्वांत आवडत होता, निदान तो प्रामाणिक तरी होता. लाल टोपी निघत राहिली, काकू हसत राहिल्या.

मग सम्राट बोलू लागले. 'पुढची खिडकी' आपल्याला पहाटे कशी सुचली, मान वळवण्याची जागा आपण कशी बसवली, ते त्यांनी रंगवून सांगितलं. सूत्रसंचालिकेने विचारलं, खिडकीमागे कोण असायचं?

"असायचा एक जण. नाव आठवत नाही," सम्राट म्हणाले. "मला तिथे एक खांब हवा होता. खांब महाग पडला असता, म्हणून माणूस घेतला."

टोपी निघाली. काकू हसल्या नाहीत.

आणि काकू हसल्या नाहीत म्हणून कोणीच हसलं नाही. सगळा जमाव त्यांच्या पाठीकडे बघत बसला. सम्राटांचं हसू ओठांवर तसंच वाळून गेलं. पुन्हा तेच वाक्य घेतलं, पुन्हा टोपी निघाली, पुन्हा तेच. फ्लोअर मॅनेजर धावत येऊन कुजबुजला, की काकू, बरं नाही का? बरं आहे, काकू म्हणाल्या. मग हसा की. हसू येत नाही, काकू म्हणाल्या. ते येण्याचा इथे काय संबंध, असं तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूने ते खरंच होतं.

सम्राटांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. "ती पुढची बाई आधी बाहेर काढा."

ओळखलंसुद्धा नाही. जिच्या हातचं पोटभर खाल्लं, ती 'पुढची बाई' झाली. काकू पर्स उचलून उठल्या आणि ते काम सुटलं ते सुटलंच. काकांना त्यांनी फक्त सांगितलं, की काही दिवस सुट्टी आहे. खरं सांगायला तोंड उघडेना. कार्यक्रम लागेल तेव्हा ते वाक्य तरी कापलेलं असावं, अशी वेडी आशा होती.

कार्यक्रम लागला. शेजाऱ्यांना बोलवायचं नाही असा हट्ट काकूंनी धरल्यामुळे दोघंच बसली होती. सम्राट बोलत होते, काका इस्त्रीच्या शर्टात ताठ. वाक्य कापलं नव्हतं. खांब महाग पडला असता, म्हणून माणूस घेतला. आणि त्यावर सगळा हॉल खदखदून हसला. सगळ्यांच्या वर, खणखणीत, काकूंचं हसू. मेल्यांनी कुठलं तरी जुनं उचलून चिकटवलं होतं.

नवऱ्याच्या अपमानावर सर्वांत आधी त्याचीच बायको हसली होती, आणि ते घराघरांत ऐकू जात होतं. काकांनी मान वळवली. फक्त मानच.

"मी हसले नव्हते हो," काकू म्हणाल्या.

"ते कळलं. हे टीव्हीवर परवा लागलेल्या चपलेच्या विनोदावरचं आहे. शेवटी तुला ठसका लागला होता." काकांचे डोळे भरले होते. "मग तिथे काय झालं?"

"मी गप्प बसले, म्हणून सगळेच गप्प बसले. परत घेतलं, तरी गप्प. मग मला हाकललं."

"त्याच्या वाक्यावर? सगळा हॉल?"

"सगळा."

नट शिव्या पचवतो, पण हॉल गप्प बसला की मेला; निदान कोणी खोकलं तरी जीवात जीव येतो, हे काका आयुष्यभर सांगत आले होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून काकूंच्या समोर आणली.

"खोकलं तरी का कोणी?"

"कोणी नाही."

"पहिल्यापासून सांग," काका म्हणाले. "सावकाश सांग. टोपी निघाली, मग?"

काकू सांगू लागल्या. सम्राटांच्या वाळलेल्या तोंडापर्यंत आल्या आणि पुढचं त्यांना सांगता येईना. डोळे मिटून, तोंडावर हात धरून त्या गदगदा हलू लागल्या, आवाज मात्र जराही नाही.