एप्रनच्या आत लावलेली फिल्म

अर्जदार: माझा मेहुणा, वय अठ्ठावीस, सोलापुरातील एका धर्मादाय दवाखान्यात क्ष-किरण यंत्रावर मदतनीस. प्रतिवादी: तेथील डॉक्टरसाहेब. मुदत: सन एकोणीसशे तीसनंतरची दोन वर्षे. साक्षीदार: एकच, खुद्द मी, कचेरीबाहेर पंधरा वर्षे लोकांचे अर्ज लिहिणारा. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

डॉक्टरसाहेबांनी मेहुण्यास काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म दिली आणि "छातीवर लावीत जा" एवढेच सांगितले. किरण लागले तर फिल्म काळी पडते. दर पंधरवड्यास ते ती धुऊन पाहत. मेहुणा मजकडे आला.

"दाजी, अंगात शिशाचा एप्रन असतो की. ही त्याच्या आत लावू का बाहीर?"

"दवाखान्याची वस्तू. पडली तर जबाब कोण देणार? आत लाव."

"कंपौंडर म्हनतो, बाहीर लाव."

"कंपौंडरानं किती अर्ज लिहिलेत?"

"न्हाय बा, तुमच्याम्होरं कोन बोलनार!" तो हसला. माझ्या कुटुंबाने भावाच्या बंडीला आतून खिसा शिवून दिला.

रडणाऱ्या रोग्यांचे हातपाय यंत्राखाली दाबून धरणे हे त्याचे काम. एप्रन छाती झाकी, हात उघडेच. दुसऱ्या वर्षी बोटे लाल झाली, नखे उभी चिरली, पुढे धोतराची गाठही मारवेना.

डॉक्टरसाहेबांनी सर्व फिल्मा आमच्यापुढे खिडकीशी धरल्या. एकही काळी नव्हती.

"यंत्राने झाले असते तर येथे दिसले असते. पूर्वी सूत रंगवीत होतास ना? तो रंग बाधला." असे म्हणून त्यास कामावरून काढले.

फिल्म शिशाच्या आत होती, शिसे किरण अडवते, असे मी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे लावायचे तेही नीट लावले नाही."

दवाखाना चालविणाऱ्या पंचांस अर्ज लिहिताना याच कलमावर मी तीनदा अडलो. आत लावली असे लिहावे तर मेहुणा दोषी. न लिहावे तर फिल्मचीच साक्ष खरी ठरते. अखेर "माझ्या सांगण्यावरून" हे शब्द घातले. दुसऱ्याच्या अर्जात स्वतःचा गुन्हा मी पूर्वी कधी लिहिला नव्हता.

उत्तर आले नाही. माझे कुटुंब त्यास घास भरवते, आणि तो मला म्हणतो, "तुमी लिवलंय म्हंजे हुईल की, दाजी."

सबब पंचांस पुन्हा विनंती, की फिल्म आत लावल्याचा दोष माझ्या माथी मारावा, मेहुण्याचे हात एकदा समक्ष पाहावेत, आणि ठरेल ते, नकार असला तरी, लेखी कळवावे.