नागुबाईच्या वाटणीची कणसं

दाणे काढलेलं मक्याचं कणीस हातात आलं की नागुबाई ते मोडून बघत नाही. बुडाशी अंगठ्यानं नुसतं दाबते. कडक लागलं तर चुलीला, मऊ लागलं तर उकिरड्यावर. मऊ कणीस आतून काळं पडलेलं असतं. ते जळत नाही, धुमसतं, आणि घरभर डोळे चोळत बसावं लागतं. तीस वर्षांत तिचा अंगठा चुकलेला नाही.

नंदगडच्या वाटेवरच्या तिच्या गावात रीत होती. मक्याचे दाणे बायकांनी काढायचे. दाणे शेतमालकाचे, रिकामी कणसं बायकांची. कागदावर कुणी लिहिलं नव्हतं, कारण त्या कणसांना कुणी विचारतच नव्हतं. ज्याला कुणी विचारत नाही ते बायकांच्या वाट्याला, हा नियम गावापेक्षा जुना.

मग विचारणारे आले. उद्यमबागेत, शहराकडच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एक नवा कारखाना निघाला. तिथं रिकामी कणसं भरडून आम्लाच्या पाण्यात शिजवतात, त्यातून एक साखर सुटते. ती यीस्टला चारायची आणि हवा बेतानं द्यायची. हवा जास्त झाली की यीस्ट साखर खाऊन स्वतःचंच अंग वाढवतं. बेताची मिळाली की साखरेचं झायलिटॉल करून ठेवतं. दात न किडवणारी गोडी. शहरात च्युइंगममधून चघळतात. कारखान्याच्या पाटीवर तीन भाषांत लिहिलंय : टाकाऊतून गोडवा.

टाकाऊ म्हणे! नागुबाईची आठ महिन्यांची चूल यांच्या लेखी टाकाऊ.

पहिल्या वर्षी शेतमालक मारुतीरावांच्या खळ्यावर बायका दाणे काढून उठल्या, तर गडी कणसं ट्रॉलीत भरत होते.

"आप्पा, आमची कणसं कुठं चाललीत?"

"कारखान्याला. आता घराघरांत गॅस हाय की गं, नागू."

"शेगडी हाय. टाकी रिकामी हाय. तुमच्या सोप्यात फुलदाणी असती, तशी आमच्यात टाकी."

बायका हसल्या. मारुतीराव हसले नाहीत. "कणसं माझ्या रानातली हाईत."

"दाणं बी तुमच्याच रानातलं. ते मागितलं व्हय आमी?"

ट्रॉली गेली. त्या हिवाळ्यात बायका जंगलात सरपणाला गेल्या आणि वनखात्याच्या माणसानं त्यांच्यातल्या जयाबाईचा कोयता काढून घेतला. गावानं त्यावर बोलायचं टाळलं. कोयता बाईचा होता ना.

ते वर्ष कोरडं गेलं म्हणून खपलं. औंदा कापणीतच पाऊस झाला. गड्यांनी ओलं-सुकं सगळं खोऱ्यानं ओढून ताडपत्रीखाली दाबलं. कणसं आजवर निवडत होतं कोण, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिन्याभरात कारखान्यातली सौम्या नावाची केमिस्ट खळ्यावर आली. कारखान्यात यीस्ट घातलेल्या तीन टाक्या वाया गेल्या होत्या.

"यीस्ट ठीक आहे," ती मारुतीरावांना सांगत होती. "पण कणसांतून साखरच पुरेशी उतरत नाही. कारण कळत नाही."

नागुबाईनं ढिगातलं एक कणीस उचललं, दाबलं, आणि सौम्यासाठी म्हणून मोडलं. आत काळं.

"तुमच्या यीस्टच्या आधी बुरशी जेवून गेलीया, बाई. उष्ट्या ताटावर पाव्हणा बसवलासा. त्यो काय खाईल?"

सौम्यानं तो तुकडा नखानं खरवडून पाहिला. "मावशी, हे कुठं शिकलात?"

"धुरात. साळंत शिकवत न्हाईत."

सौम्यानं पिशवीतून चिमूटभर पांढरी पूड तिच्या तळहातावर ठेवली. जिभेवर ती साखरेसारखी गोड आणि वर गार लागली. "गोड हाय," नागुबाई म्हणाली. "ह्याच्यापायी जयाबाईचा कोयता गेला, त्याची चव तेवढी लागंना."

आठवड्यानं मारुतीराव खुशीत निरोप घेऊन आले. निवडायला बायका पाहिजेत; कारखान्याची बस येईल, दिवसाचा रोज मिळेल. जयाबाई पदर खोचून तयार झाली. तिला तरी काय बोलणार. तिची चूल गेल्या वर्षापासून अर्धीच पेटत होती.

"निवडू की," नागुबाई म्हणाली. "पर हितंच, खळ्यावर. आन् चांगल्या तीन पोत्यांत एक आमचं. आधी आमचं भरायचं, मग तुमची ट्रॉली."

"कारखाना न्हाय ऐकायचा."

"मग काळी घाला."

दोन दिवस ट्रॉली रिकामी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मारुतीराव स्वतः ढिगाशी बसले. अंगठ्यानं दाबायचे, विचार करायचे, आणि चांगलं कणीस काळ्यांत टाकायचे. बायका कट्ट्यावरून बघत होत्या. कुणी चूक सांगितली नाही. कारखान्याचा फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा उचलून त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग हळू म्हणाले, "व्हय, तिचंच म्हणणं. तीनात एक." पलीकडून होकार आला तशी त्यांनी मान डोलावली आणि फोन खिशात ठेवला.

"नागू, ये गं. हे जरा बघ."

नागुबाई उठली. तिनं घरनं आणलेलं रिकामं पोतं झटकलं आणि त्यांच्यापुढं केलं.

"आधी तोंड धरा, आप्पा."

मारुतीरावांनी जयाबाईकडं पाहिलं, ट्रॉलीकडं पाहिलं, आणि दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड धरलं.